पाटीवाल्यांचे कोरे फोटो

पाटीवाले म्हणून त्यांना ओळखणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचं बरंच वाटायचं. वय शहात्तर. कान तिखट, गुडघे कामातून गेलेले. थोरल्या विधवा बहिणीबरोबर दोन खोल्यांत राहायचे. बहीण ऐंशीची, पण जीभ अजून विशीतली. ती त्यांना "फोटोग्राफर साहेब" म्हणायची, ते कौतुकाने नव्हे, हे वेगळं सांगायला नको.

तरुणपणी ते शहराच्या घरबांधणी खात्यात फोटो काढायच्या नोकरीवर होते. कारखान्यांमागे जुनी वस्ती होती. चार-चार मजली घरं, एका खोलीत एक बिऱ्हाड, नळ जिन्याच्या वळणावर, आणि उजेड असला तर असला. खात्याने ती अख्खी वस्ती पाडून लोकांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, नव्या इमारतींत हलवायचं ठरवलं. पाडण्याआधी एकेका खोलीचा फोटो काढून ठेवा असा हुकूम निघाला. फोटोच्या कोपऱ्यात पाटी उभी करायची आणि तिच्यावर खडूने घर, मजला, खोली लिहायची. दीड वर्ष ते तीन पायांचा कॅमेरा एका खांद्यावर आणि ती पाटी काखेत घेऊन जिने चढले. पोरं खालून ओरडायची, "पाटीवाला आला, पाटीवाला आला!" नाव चिकटलं ते चिकटलंच.

आता बेचाळीस वर्षांनी खात्याच्या तळघरात त्या फोटोंच्या काचेच्या प्लेटा सापडल्या. पेट्याच्या पेट्या. कुणाच्या तरी डोक्यात आलं की ह्यांचं प्रदर्शन भरवावं. मग दप्तरखान्यातली एक चुणचुणीत मुलगी पत्ता काढत घरी आली आणि म्हणाली, "काका, तुम्हीच काढलेत ना? मग ओळखायला या." तेव्हापासून दर मंगळवारी पाटीवाले बस धरून दप्तरखान्यात जायचे. मुलगी टेबलावर फोटो मांडायची आणि हे भिंगातून बघत सांगायचे, ही गल्ली अमुक, हा मजला तमुक.

"सगळ्या खोल्या रिकाम्या कशा हो काका?" मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं.

रिकाम्या? कुठल्या रिकाम्या! अहो, नीट बघितलं तर एकही खोली रिकामी नव्हती. एकीत झुलती खुर्ची धुरकट आली होती, कारण तिच्यावरून कुणीतरी नुकतंच उठलं होतं आणि ती हलायची थांबली नव्हती. दुसरीत टेबलावरच्या कपातून वाफ निघत होती. तिसरीत पलंगाच्या चादरीवर माणूस बसल्याचा खळगा तसाच होता. एका फोटोत तर दाराच्या कडेला चार बोटं दिसत होती. कुणीतरी बाहेर, फोटोच्या अगदी काठावर, श्वास रोखून उभं होतं.

"इथे डावीकडे एक म्हातारी उभी आहे," पाटीवाले सांगायचे. "ह्या खोलीत तीन बहिणी. त्या पडद्यामागे आहेत."

मुलगी थक्क व्हायची. "काय स्मरणशक्ती आहे तुमची, काका!"

पाटीवाले नुसते भिंग पुसायचे. स्मरणशक्ती कसली डोंबलाची! ती माणसं त्यांची पाठच सोडत नव्हती. निवृत्त झाल्यापासून असं व्हायला लागलं होतं. दुपारी घरात एकटे असले, बहीण शेजारी गेली असली, की खोलीच्या कडेकडेने कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं. भिंतीला पाठ लावून, केस नीट करून, न हलता. त्यांच्याकडे बघत. ती भांडायची नाहीत, बोलायची नाहीत, नुसती वाट बघायची. एकदा तर ते दचकून "हला आता, झालं!" असं मोठ्याने म्हणाले आणि नेमकी बहीण दारात. "कुणाला हलवतोयस रे? भांडी मला घासायचीत अजून," ती म्हणाली. त्यांनी वेळ मारून नेली.

वाट बघायची म्हणजे कशाची, ते पाटीवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. फोटोची.

त्याचं असं होतं. खात्यातल्या साहेबांचा दंडक होता, खोलीत माणूस नको. माणूस दिसला की फोटो तपासणारे समितीवाले त्याच्या चेहऱ्याकडे बघतात, भिंतीच्या ओलीकडे बघत नाहीत. प्लेटा मोजून मिळायच्या, खोलीला एक. पण लोकांना हे कसं सांगणार? घरी फोटोवाला येणार म्हटल्यावर बिचारे आदल्या दिवसापासून तयारीला लागायचे. न्हाऊनधुऊन, ठेवणीतले कपडे घालून, पोरांची नाकं पुसून उभे. त्यांच्यातल्या कितीतरी जणांचा जन्मात एकही फोटो निघालेला नव्हता. आणि ह्यांनी म्हणायचं, "जरा बाहेर उभे राहा, मला तुमचा नळ पाहिजे!" पहिल्या आठवड्यात एका म्हातारीने त्यांना काठी दाखवून जिन्यावरून खाली पिटाळलं. दुसऱ्या दिवशी एका पैलवानाने कॅमेऱ्याचा पायच धरला.

तिसऱ्या दिवशी पाटीवाल्यांना युक्ती सुचली. कुणी शिकवली नाही, त्यांचीच. कॅमेऱ्यात प्लेट घालायची जी चौकट असते, ती रिकामीच बसवायची. मग सगळ्या कुटुंबाला ओळीने उभं करायचं, काळ्या कापडाखाली डोकं घालायचं, "बाळाला वर धरा, ताई हसा, काका हनुवटी खाली" असं सगळं यथासांग करायचं आणि खटका दाबायचा. खट्ट. लोक खूश! मग वहीत नाव आणि पत्ता लिहून घ्यायचा, तोही दोनदा विचारून, म्हणजे विश्वास बसतो. "फोटो घरपोच येईल," म्हणायचं. मग माणसं हसत हसत बाहेर जायची, आणि हे खरी प्लेट घालून रिकाम्या खोलीचा फोटो काढायचे. मनातल्या मनात त्या पहिल्याला ते "कोरा फोटो" म्हणायचे. दीड वर्षात किती कोरे फोटो काढले त्याची गणती नाही. वही भरली की फेकून द्यायची.

तेव्हा वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. तिशीतला माणूस, नवी नोकरी. लोकांना ऊन येणाऱ्या खोल्या मिळणार आहेत, एक फोटो नाही मिळाला म्हणून काय आभाळ कोसळतंय, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. समजावणं बेचाळीस वर्षं पुरलं नाही, एवढंच.

एका मंगळवारी ते दप्तरखान्यात पोचले तर टेबलाशी एक बाई बसलेली. पंचेचाळिशीच्या आसपास, शाळेत शिकवणाऱ्या बायकांचा असतो तसा ताठ कणा, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. प्रदर्शनाची बातमी वाचून आली होती.

"काका, पाटीवाले तुम्हीच का?" ती उठून उभी राहिली. "मी तुमच्या एका फोटोत आहे. आईच्या कडेवर. तीन वर्षांची होते मी."

पाटीवाल्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"माझ्या आईचा दुसरा फोटोच नाही," बाई सांगत राहिली. "चेहरा आठवत नाही मला. बाबा ब्याऐंशीचे झालेत आता. डॉक्टर म्हणतात, महिना, फार तर दोन. त्यांना एकदा तो फोटो बघायचाय. त्यांच्या मनाला फार लागून राहिलंय हो ते."

"काय लागून राहिलंय?" मुलीने विचारलं. पाटीवाल्यांची विचारायची छाती झाली नसती.

बाईने सांगितलं ते असं. फोटो निघाला आणि दोन महिन्यांत सगळ्यांना नव्या इमारतीत हलवलं. पण आईचा जीव त्या फोटोत अडकलेला. फोटो तर जुन्या पत्त्यावर येणार! आपण नसलो तर परत जाईल, मग कुठे शोधायचा? म्हणून ती रोज सकाळी पोरीला नव्या शेजारणीकडे ठेवून, बस धरून, ओस पडलेल्या वस्तीत जायची आणि दुसऱ्या मजल्यावर आपल्या जुन्या खोलीत टपालवाल्याची वाट बघत बसायची. टपालवाला रोज म्हणायचा, ह्या नंबरला काही नाही. सोळा दिवस गेली. तोवर पाडणाऱ्यांनी जिन्याचे कठडे काढून नेले होते, पायऱ्यांचं लाकूडही सैल केलं होतं. सतराव्या दिवशी खालून टपालवाल्याची घंटा ऐकून ती धावत खाली यायला निघाली.

पुढचं सांगायची गरजही नव्हती.

"बाबा म्हणतात, चूक माझी," ती हळूच म्हणाली. "खात्याने तेव्हा दारांवर नवे नंबर रंगवले होते. तुम्ही पत्ता विचारलात आणि बाबांनी सवयीने जुना नंबर सांगितला, असं त्यांना वाटतं. फोटो भलत्याच दारी गेला आणि ही आपल्या दारी बसली. बेचाळीस वर्षं हेच धरून बसलेत. मी म्हणते, बाबा, फोटो निघालाच नसेल नीट, खराब झाला असेल. तर म्हणतात, नाही, मी स्वतः खट्ट ऐकलं."

आता सांगावं. आत्ताच्या आत्ता सांगावं, म्हणून पाटीवाल्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण तेवढ्यात दप्तरखान्यातली मुलगी "थांबा, थांबा!" म्हणत पेटीकडे धावली.

हजारभर फोटोंत माणूस असलेला एकच फोटो होता. खरी प्लेट चालू असताना कुणीतरी बाई मूल कडेवर घेऊन मध्येच आत शिरली होती. बहुधा काही विसरलं होतं. ती हलली म्हणून चेहरा पुसट आला होता आणि प्लेटचा पाटीकडचा कोपरा फुटून गेला होता. मुलीने तो फोटो टेबलावर ठेवला. बाईने दोन्ही हातांनी उचलला आणि तिचे डोळे भरून आले.

"हीच ना? काका, हीच ना आई?"

ही ती नव्हतीच. खोलीला दोन खिडक्या होत्या आणि दोन खिडक्यांच्या खोल्या फक्त रस्त्याकडच्या तळमजल्याला असायच्या. पाटीवाल्यांना हे दिवसाइतकं लख्ख दिसत होतं. पण समोर ती बाई फोटो छातीशी धरून उभी होती, मुलगीही डोळे पुसत होती, आणि आपल्याच तोंडातून निघालेला आवाज त्यांना ऐकू आला.

"हो. असेल. हो, हीच."

हा नवा कोरा फोटो काढायलाही खटका दाबण्याइतकाच वेळ लागला.

बाई पाया पडल्यासारखी वाकून, पत्ता लिहून देऊन, फोटोची प्रत घेऊन, "काका, एकदा बाबांना भेटायला या, फार बरं वाटेल त्यांना" असं दहादा म्हणून गेली. त्या दिवसापासून पाटीवाल्यांच्या घरातली गर्दी वाढली. पूर्वी माणसं भिंतीकडेला असायची, ती आता जेवायच्या टेबलापर्यंत आली. पाटीवाले प्रत्येक बाईच्या तोंडाकडे निरखून बघायचे. तू का तिची आई? का तू? कापडाखालून त्यांनी तिला नक्की पाहिलं होतं, हसायलाही सांगितलं असेल. पण एवढ्या चेहऱ्यांत तिचा कुठला, ते काही केल्या सापडेना. खाणंपिणं सुटलं.

शुक्रवारी बहिणीने बशी त्यांच्यापुढे आपटली. "काय झालंय ते बोल, नाहीतर उद्यापासून स्वतः रांध."

तेव्हा बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ते बोलले. पहिल्यापासून शेवटपर्यंत. बहिणीने मध्ये एकही टोमणा मारला नाही, तेव्हाच त्यांना समजलं की गोष्ट किती थराला गेली आहे. बराच वेळ ती बोटांनी टेबलावरचे ब्रेडचे कण गोळा करत बसली.

"म्हाताऱ्याला खोटी बायको दिलीस तू," ती शेवटी म्हणाली. "ऊठ. कोट घाल."

"आणि फोटो बघून त्याला बरं वाटलं असेल तर? महिन्याचा सोबती तो. कशाला उगाच..."

"बरं वाटलंय का, ते तरी जाऊन बघ. तेवढी तरी हिंमत कर रे, बाबा!"

नव्या इमारती आता जुन्या झाल्या होत्या. लिफ्ट बंद. पाटीवाले कठड्याला धरून धरून चौथ्या मजल्यावर पोचले तेव्हा त्यांना दम लागला होता. दार बाईनेच उघडलं. तिचा चेहरा ओढलेला होता. ती बाहेर आली आणि पाठीमागे दार लोटून घेतलं.

"बरं झालं आलात. पण काका, काय सांगू, सगळं उलटंच झालं! फोटो हातात दिला तर आधी रडले, मग म्हणाले, 'म्हणजे फोटो झाला होता. पाठवलाही असणार. म्हणजे माझाच पत्ता चुकला.' आतापर्यंत निदान शंका होती हो, आता खात्री झाली. तीन दिवस नीट अन्न नाही पोटात. नुसते 'मीच मारलं, मीच मारलं.' तुम्ही तरी समजवा. म्हणावं, टपालात गहाळ झाला."

घ्या, इथेही सुटायला एक वाट होती! टपालात गहाळ. दोन शब्द. बाई स्वतःच तोंडात घालत होती. टपालखातं काय, कुणाचंही नाव घेतलं तरी भांडायला येणार नव्हतं.

आत पलंगावर म्हातारे उशांना टेकून बसले होते. हाडांची मोळी, पण डोळे जागे. फोटो पांघरुणावर ठेवलेला. बाईने वाकून मोठ्याने सांगितलं, "बाबा, पाटीवाले आलेत. फोटो काढणारे."

म्हाताऱ्यांनी हात जोडायचा प्रयत्न केला. "तुमचा काही दोष नाही," ते म्हणाले. हेच त्यांचं पहिलं वाक्य. "तुम्ही दोनदा विचारलंत. ती नेहमी म्हणायची, फोटोवाले किती सभ्य, पत्ता दोनदा विचारून लिहून घेतला. माझीच जीभ चुकली."

खोलीच्या कडेने माणसं उभी आहेत हे पाटीवाल्यांना मान न वळवताही कळत होतं. ती पार ह्या चौथ्या मजल्यापर्यंत आली होती. पाटीवाल्यांना इतकी लाज वाटली, इतकी, की जमिनीने पोटात घ्यावं. ते स्टुलावर बसले आणि पलंगाची कड धरली.

"ह्या तुमच्या बाई नाहीत," ते म्हणाले.

"काका!" मागून बाई.

"नाहीत. ही कोण, मला माहीत नाही. मी मंगळवारी ह्यांच्याशी खोटं बोललो. आणि तुमच्याशी त्या दिवशी खोटं बोललो. कॅमेऱ्यात प्लेट नव्हती. तुम्ही सगळे उभे राहिलात, मी नुसता खटका दाबला. तुम्ही खोलीबाहेर जावं म्हणून. सगळ्यांशी तेच करायचो मी. फोटो निघालाच नव्हता, बाबा. तुम्ही कुठलाही नंबर सांगितला असतात, जुना, नवा, खुद्द टपालखात्याचा, तरी तो येणार नव्हता."

खाली अंगणात कुणीतरी सतरंजी झटकत होतं, त्याचे फटके तेवढे ऐकू येत होते. बाई कपाटाला टेकून खाली बसली.

म्हातारे त्यांच्याकडे बघत होते.

"पत्ता चुकला नव्हता?"

"नव्हता."

"मी चुकलो नव्हतो?"

"नाही. तुमचं काही चुकलं नव्हतं."

म्हाताऱ्यांनी डोळे मिटले. मग त्यांची छाती भात्यासारखी हलायला लागली. ते रडत होते, पण तोंडावर असं काही सुटल्यासारखं होतं की बाई धावत येऊन त्यांना बिलगली आणि तीही हुंदके द्यायला लागली. "ऐकलंस?" ते तिच्या केसांवरून हात फिरवत पुन्हा पुन्हा म्हणत होते. "ऐकलंस ना? मी नव्हतो गं. मी नव्हतो."

पाटीवाले उठावं की बसावं ह्या विचारात तसेच राहिले. कितीतरी वेळाने म्हाताऱ्यांनी डोळे पुसले आणि त्यांच्याकडे मान वळवली. रागाने नाही, साध्या माणसाने साधी गोष्ट विचारावी तसं त्यांनी विचारलं.

"ती रोज खाली तुमच्या खात्याच्या माणसांना विचारायची, फोटो कधी येणार. सोळा दिवस. तुमच्या कानावर आलं नाही?"

आलं होतं. पाडकामाच्या मुकादमाने एकदा कचेरीत हसत हसत सांगितलं होतं, तुमचं एक गिऱ्हाईक ठाण मांडून बसलं आहे म्हणून. आणि सगळ्यांबरोबर पाटीवालेही हसले होते. ही गोष्ट त्यांनी बहिणीलासुद्धा सांगितली नव्हती.

"आलं होतं," ते म्हणाले.